‘क्रोममध्ये उघडा’ म्हणणारे दुकान

कळमन्याच्या बाजारात लिलाव सुरू असतो तेव्हा कोणताही अडत्या समोरच्या खरेदीदाराला विचारत नाही की, बाबा रे, तू कोणत्या गाडीने आलास? कोणी ट्रकच्या केबिनमधून उतरलेला असतो, कोणी ऑटोने आलेला असतो, कोणी हातगाडी बाहेर उभी करून आत शिरलेला असतो. ज्याला बोली लावता येते तो गिऱ्हाईक. मात्र याच बाजारातला माल इंटरनेटवर मांडला की दारावर पाटी लागते : ‘उत्तम अनुभवासाठी क्रोमची नवीन आवृत्ती वापरा.’ म्हणजे नव्या गाडीने या, नाहीतर येऊ नका. काही दुकानांवर तर पाटीही नसते. पान कोरे उघडते आणि आलेला माणूस ‘नेट स्लो असेल’ असे स्वतःलाच समजावून निघून जातो.

ही पाटी लावणारे हात पुष्कळदा आपलेच असतात, म्हणून हे लिहितो आहे. मोमिनपुरा, ताजबाग, हसनबाग, यशोधरानगर, पलीकडे कामठी. इथल्या कितीतरी मुलामुलींनी वेब डिझाइन शिकून घेतले आहे. कोणी क्लास लावून, कोणी यूट्यूबवर. कळमन्याच्या संत्रा व्यापाऱ्याची, मिरची-मसालेवाल्याची, ट्रान्सपोर्टवाल्याची, संत्रा बर्फी कुरिअरने पाठवणाऱ्याची साइट करून देणे हे अनेकांचे पहिले कमाईचे काम असते. यात कौतुक करण्यासारखे खूप आहे आणि ते इतर ठिकाणी होतच असते. इथे मला त्या कामाच्या दर्जाबद्दल बोलायचे आहे, आणि गोड बोलून ते होणार नाही.

आधी हे स्पष्ट असू द्या की साइट ही आता व्यापाऱ्याची हौस राहिलेली नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नाव मोठे झाले. पण त्यानंतर बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वर्षामागून वर्ष चढवत नेले आणि विदर्भाच्या संत्र्याची एक मोठी वाट अरुंद झाली. अंबिया बहराचा माल ऑक्टोबरच्या आसपास उतरतो, मृगाचा फेब्रुवारीच्या पुढे. त्या दिवसांत पुण्याच्या, हैदराबादच्या, अगदी गल्लीपलीकडच्या घरापर्यंत थेट माल पोहोचवता आला, तर व्यापाऱ्याच्या आणि त्याच्या मागच्या बागायतदाराच्या हातात चार पैसे जास्त पडतात. साइट नीट चालली नाही तर तोटा डेव्हलपरचा होत नाही, त्याचा. डेव्हलपर पैसे घेऊन पुढच्या कामाला लागलेला असतो.

अशा साइटचा एक ठरलेला साचा आहे. वर पडदाभर व्हिडिओ, तो उतरेपर्यंत खाली काहीच नाही. त्याखाली पांढऱ्यावर केशरी अक्षरे, कारण माल संत्र्याचा. ‘आजचा भाव’ म्हणून एक फोटो. डीटीपीवाल्याकडून करून घेतलेला, दाबून दाबून लहान केलेला, बोटांनी मोठा करायला जावे तर तीही सोय बंद केलेली. नाव-पत्त्याच्या रकान्यांवर लेबल नाही, फक्त आत फिकट अक्षरांत सूचना, जी टाइप करायला लागलो की गायब. आणि ‘ऑर्डर करा’ असे लिहिलेला जो चौकोन आहे तो बटण नाहीच. तो एक डिव्ह आहे, त्याला बटणाचा रंग फासला आहे आणि क्लिक झाल्यावर काय करायचे ते जावास्क्रिप्टला सांगितले आहे. माउस किंवा बोट असणाऱ्याला फरक कळत नाही. कीबोर्डवरच्या टॅबने चालणाऱ्याला ते बटण लागतच नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, तिथे ‘बटण’ असे म्हणत नाही, नुसते दोन शब्द उच्चारून पुढे जाते. आंधळ्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्या दुकानात गल्लाच नाही.

केशरी अक्षरांचे घ्या. वेब सुगम्यतेची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात (पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची), त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका फरक लागतो. सीएसएसमधला ‘ऑरेंज’ नावाचा रंग पांढऱ्यावर ठेवला तर हे गुणोत्तर २ पर्यंतही जात नाही. यासाठी अंध असण्याची गरज नाही. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, यार्डात उभे राहून फोन पाहा. तरण्या डोळ्यांनाही काही दिसणार नाही.

हे दाखवून दिले की पहिले उत्तर ठरलेले असते : ‘भाई, आपले सगळे गिऱ्हाईक क्रोमवरच आहे.’

कोणता क्रोम? भारतात क्रोमचा वाटा प्रचंड आहे हे खरे, पण क्रोम म्हणजे एक वस्तू नव्हे. अँड्रॉइड ७ च्या फोनला क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ च्या अखेरीस बंद झाल्या. तो फोन मात्र बंद झाला नाही; तो घरात आईकडे गेला, चाचांकडे गेला, दुकानावरच्या नोकराकडे गेला. आयफोनवर तर क्रोम टाकला तरी आतले इंजिन ॲपलचे वेबकिटच असते (युरोपीय संघात २०२४ पासून थोडी सूट आहे, ती आपल्या कामाची नाही). आपल्याकडे सेकंडहँड आयफोनची हौस किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. आयफोन ६ हा आयओएस १२ च्या पुढे जात नाही आणि वेबपी जातीची चित्रे ॲपलच्या फोनवर दिसायला लागली ती आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० च्या अखेरीस. तुम्ही सगळे फोटो वेबपीत टाकले आणि पर्यायी जेपीजी ठेवला नाही, तर त्या फोनवर संत्र्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. पर्याय द्यायला एचटीएमएलमध्ये ‘पिक्चर’ नावाचा टॅग आहे. काम दोन ओळींचे.

याहून मजेशीर गोष्ट इन्स्टाग्रामची. व्यापारी आपल्या पानावर दुकानाची लिंक देतो. गिऱ्हाईक ती दाबतो तेव्हा क्रोम उघडतच नाही, इन्स्टाग्रामच्या पोटातला छोटा ब्राउझर उघडतो. तिथे तुम्ही ‘गूगलने लॉगइन करा’ एवढाच दरवाजा ठेवला असेल, तर गूगल तो उघडू देत नाही. ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरमधून लॉगइन करायला त्या कंपनीची सुरक्षेच्या कारणाने मनाई आहे. म्हणजे जाहिरातीचे पैसे इन्स्टाग्रामला द्यायचे आणि आलेले गिऱ्हाईक दाराशी अडवायचे. पाहुणा म्हणून ऑर्डर करण्याची वाट ठेवली असती तर प्रश्नच नव्हता.

आणखी एक. अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या फोनवर ३० सप्टेंबर २०२४ नंतर हजारो साइट ‘असुरक्षित’ म्हणून अडकायला लागल्या, कारण लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा जुन्या फोनसाठीचा जोडदुवा त्या दिवशी संपला. आपल्या स्वस्त होस्टिंगवर बहुतेकदा हेच प्रमाणपत्र असते. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, त्यामुळे त्याच फोनवर फायरफॉक्समध्ये साइट उघडते. दुसरा ब्राउझर म्हणजे शहरी शौक असे ज्यांना वाटते त्यांनी याचा विचार करावा. जुन्या फोनवाल्यासाठी ती कधीकधी एकमेव खिडकी असते.

पण ‘सगळे क्रोमवरच’ या वाक्यातली खरी गोम वेगळी आहे. हे तुम्हाला कुठून कळले? साइटवर बसवलेल्या मोजणीतून. ती मोजणी जावास्क्रिप्टवर चालते. ज्याच्या फोनवर तुमची स्क्रिप्ट मोडली, जो पान उतरण्याआधी कंटाळून गेला, जो ऑपेरा मिनीच्या डेटा वाचवणाऱ्या पद्धतीतून आला जिथे जावास्क्रिप्ट फोनवर नव्हे तर कंपनीच्या सर्व्हरवर थोडकीच चालते, तो तुमच्या मोजणीत नीट येतच नाही. दुकानाला पाच फुटांची पायरी बांधायची आणि आत मोजून सांगायचे की आमच्याकडे म्हातारी माणसे येतच नाहीत, असा हा हिशेब आहे.

मराठी वाचकाला तर हा धडा एकदा मिळालेला आहे. २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला आणि काही काळ जगातले दहातले नऊहून जास्त लोक एक्सप्लोररच वापरत होते. सरकारी साइटच्या तळाशी लिहिलेले असायचे : ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ८०० बाय ६०० वर उत्तम दिसेल.’ युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी वृत्तपत्रे आपापल्या खास फाँटमध्ये साइट चालवत. मायक्रोसॉफ्टच्या एका सोयीमुळे तो फाँट एक्सप्लोररमध्ये आपोआप उतरायचा. फायरफॉक्स उघडला की बातमीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला. ‘पद्मा’ नावाचे फायरफॉक्सचे एक जोडसाधन निघाले होते, ते असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचे. जाणकारांनी त्यावर दिवस काढले. बाकीच्यांना मराठी वाचायची तर मायक्रोसॉफ्टच्या दारातून. तो मजकूर शोधयंत्राला सापडत नव्हता, स्क्रीन रीडरला वाचता येत नव्हता. आपल्याच भाषेतला मजकूर आपणच कुलपात ठेवला होता. तो एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला अधिकृतपणे निवृत्त झाला. त्याच्या भरवशावर बांधलेल्या सगळ्यांना पुन्हा बांधावे लागले.

सरकारी ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांना आणखी एक आठवण असेल. डिजिटल सही करायला ब्राउझरमध्ये जावा लागायचे. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये असली जुनी प्लगइन काढून टाकली. मग काय, निविदेपुरता एक जुना संगणक आणि त्यात जुना एक्सप्लोरर जपून ठेवायचा. दक्षिण कोरियाने तर हे देशाच्या पातळीवर केले. नव्वदीच्या अखेरीस बँकव्यवहारांसाठी त्यांनी जी सुरक्षा पद्धत ठरवली ती एक्सप्लोररच्या ॲक्टिव्हएक्सवर उभी होती. जगातले सर्वांत वेगवान इंटरनेट असलेल्या देशातले लोक पुढची वीस वर्षे एका कंपनीच्या ब्राउझरला बांधले गेले. त्या प्रमाणपत्राची सक्तीची जागा कायद्याने संपली ती डिसेंबर २०२० मध्ये. आज क्रोमच्या नावाने तेच चालले आहे. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही २०२० पासून क्रोमचेच इंजिन घेतले. अशा वेळी ‘एकच तर आहे, त्यावर चालले की झाले’ हे वाक्य जास्त धोक्याचे होते, कारण पुढचा मोडा कधी येईल ते त्या एका कंपनीच्या हातात असते.

दुसरा आक्षेप जरा हळू आवाजात येतो, कारण तो बोलायला लाज वाटते : ‘आंधळा माणूस संत्री ऑनलाइन कशाला घेईल?’

तो नाहीतर कोण घेईल? ट्रक मागे घेणारे, हमालांची धावपळ, मिरचीच्या हंगामात हवेत उडणारा ठसका, जमिनीवर पसरलेले ढीग. डोळे असलेल्यालाही कळमन्यात पाय जपून टाकावा लागतो. ज्याला घरबसल्या माल मागवण्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याचसाठी आपण ती सोय बंद ठेवली. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यात पन्नास लाखांहून अधिक दृष्टिबाधित. महाराष्ट्रात एकूण दिव्यांग २९ लाखांवर. ही मोजणी जुनी आहे आणि त्यात चष्मा लावूनही बारीक न दिसणारे, हात थरथरणारे, लाल-हिरवा न ओळखणारे धरलेले नाहीत. साधने तर फुकट आहेत. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक येते. संगणकासाठी एनव्हीडीए आहे. ते मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केले आणि आजही फुकट मिळते. म्हणजे अंध गिऱ्हाइकाने त्याच्या बाजूचे काम केलेले आहे. उरले आहे ते आपले.

इथे आपल्या वाचकांना एक टोचणारी गोष्ट सांगतो. ‘तुमच्या लोकांना इथे फ्लॅट देत नाही’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे, निदान घरात कोणाकडून तरी ऐकले आहे. नाव बघून दार लावून घेणे म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. ही तुलना मी ताणणार नाही. घरमालक जाणूनबुजून नाकारतो आणि आपण न बघता नाकारतो, हा फरक मोठा आहे. पण बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला तो फरक जाणवत नाही. आणि आपल्याकडच्या चर्चांत अंध-अपंगांचा विषय निघाला की तो लगेच मदतीच्या, दानाच्या दिशेला वळतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि ज्याला पेटीभर संत्री विकत हवी आहेत, त्याला मदत नको आहे. त्याला गल्ला कुठे आहे ते कळायला हवे.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्याचे कलम ४६ सांगते की सेवा देणारा सरकारी असो की खासगी, सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यायची आणि त्यासाठी नियम निघाल्यापासून दोन वर्षे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. दोन वर्षे केव्हाच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतला १५(१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण तो सक्तीऐवजी सल्ला दिल्यासारखा लिहिलेला होता. किमान बंधनकारक मानके ठरवा, असे सरकारला सांगितले. मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्याकडून बँकेच्या ई-केवायसीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याची अपेक्षा होती, जी त्यांना शक्य नव्हती. दुसरे याचिकाकर्ते अमर जैन हे अंध वकील. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले.

यावर कोणी म्हणेल, कळमन्यातल्या छोट्या दुकानाची साइट तपासायला कोण इन्स्पेक्टर येणार आहे? बरोबर आहे, कोणी येणार नाही. कायद्यातला पहिल्या वेळचा दंडही दहा हजारांपर्यंतच आहे. दंडाची भीती घालण्यासाठी मी हे सांगत नाही. रस्ता, घर, नोकरी यांच्या बाबतीत आपण घटनेतले हक्क बोटावर मोजून सांगतो. तोच हक्क आपल्या हातून दुसऱ्याला द्यायचा प्रसंग आला की ‘तपासायला कोण येणार’ असे विचारतो. हे चालणार नाही, एवढेच.

मग काही हुशार मंडळी एक शॉर्टकट सांगतात. साइटच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे निळे चिन्ह लावायचे. ते दाबले की अक्षरे मोठी, रंग उलटे, वगैरे. एक ओळ कोड, महिना इतके डॉलर, साइट ‘सुगम्य’. हे विकणाऱ्यांतली एक मोठी कंपनी ॲक्सेसिबी. तिचे साधन कोणतीही साइट मानकांप्रमाणे करून देते हा दावा फसवा असल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२५ मध्ये तिला १० लाख डॉलर भरायला लावले. फोटोतला भाव तो बिल्ला वाचून दाखवेलही कदाचित, चुकीचा. क्विंटलचा टन झाला तर जबाबदार कोण?

‘साइटच नको, व्हॉट्सॲप पुरे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, कारण त्यांचे निम्मे बरोबर आहे. ‘संत्रा, मध्यम, २० किलोची पेटी, भाव अमुक’ असा सरळ टाइप केलेला निरोप कोणत्याही फोनवर, कोणत्याही स्क्रीन रीडरवर वाचता येतो. तुमच्या दिमाखदार साइटपेक्षा तो निरोप जास्त सुगम्य आहे ही तुमच्यासाठी लाजेची बाब आहे. पण तिथेही लोक निरोपाऐवजी भावाचा फोटोच पाठवतात.

भाषेबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण हे कोणत्याही परदेशी व्हिडिओत शिकवले जात नाही आणि यात आपण दोन भाषांची माणसे आहोत. पानाच्या सुरुवातीला ‘लँग’ नावाचा एक गुणधर्म असतो. तयार साच्यात तो इंग्रजी असतो आणि तसाच राहतो. मग अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी पान समजून वाचायला जातो. कधी गाळतो, कधी अक्षर-अक्षर फोडतो. मराठीसाठी ‘एमआर’, उर्दूसाठी ‘यूआर’ एवढे लिहिले की योग्य आवाज निवडला जातो. शिवाय चांगल्या फाँटमध्ये मराठी म्हटल्यावर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. ‘शेतकऱ्यांची संत्री’ लिहिताना ऱ्य नीट टाइप करा. चुकीने ‘र्य’ झाले तर शब्द वेगळा होतो आणि शोधणाऱ्याला तुमचे पान सापडत नाही. दऱ्या आणि दर्या यांतला फरक मराठी माणसाला समजावायला नको, मशीनला मात्र तुम्हीच सांगायला हवा. उर्दू पान केले असेल तर दिशा उजवीकडून डावीकडे असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर पूर्णविराम आणि फोन नंबर भलत्या टोकाला जाऊन बसतात. नस्तालिकला ओळींमध्ये जास्त जागा लागते. इंग्रजीचे माप ठेवले तर अक्षरांची डोकी आणि शेपट्या कापल्या जातात. एका ब्राउझरवर बरे दिसले म्हणून थांबू नका, फाँट प्रत्येक फोनवर वेगळा असतो.

आणि नावांचे रकाने! पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, तिन्ही सक्तीचे. शेख पुढे लिहायचे की मागे? आधारवर एकच नाव असलेली आपली नानी तिसऱ्या रकान्यात काय भरणार? बहुतेक जण टिंब टाकतात आणि मग ‘फक्त अक्षरे चालतील’ असा लाल इशारा येतो. लालच, शब्दांत काही नाही. देवनागरीत नाव लिहिले तर तेही चूक, कारण तपासणीत फक्त ए ते झेड घातलेले असते. संत्र्याची पेटी पाठवायला ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना पुरतो. हा फॉर्म आपल्याच मुलाने बनवलेला असतो तेव्हा तर हसावे की रडावे कळत नाही.

हे सगळे दुरुस्त करायला काय लागते? बहुतेक वेळा जास्त कोड लागत नाही, कमीच लागतो. बटणासाठी बटणाचाच टॅग, लिंकसाठी लिंकचा. रकान्याला लेबल. भाव फोटोत न देता साध्या तक्त्यात, म्हणजे रोज बदलणेही सोपे. फोटोला ‘ऑल्ट’मध्ये एक ओळ, ‘इमेज १’ नव्हे, ‘हिरवट सालीची अंबिया संत्री, पेटीत’. पान आधी नुसत्या एचटीएमएलवर उभे राहू द्या, ऑर्डरचा फॉर्म स्क्रिप्टशिवायही सर्व्हरपर्यंत जाऊ द्या, नटवणे नंतर. २००३ पासून या पद्धतीला जगभर नाव आहे, प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट. आपल्याकडे आधी भिंत आणि मग रंग, असे कोणताही गवंडी सांगेल.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटरने एक ऑर्डर देऊन पाहा. फायरफॉक्समध्ये उघडा. कोणाचा तरी आयफोन दहा मिनिटे मागून घ्या. घरातला सगळ्यात जुना फोन शोधा. मग आपल्या फोनवर टॉकबॅक सुरू करा (आधी बंद कसे करायचे ते वाचून ठेवा, कारण सुरू झाल्यावर दोनदा टिचकी मारल्याशिवाय काही उघडत नाही), डोळे मिटा आणि तुमच्याच साइटवरून एक पेटी मागवा. मोहल्ल्यात दृष्टिबाधित कोणी असेल तर त्यांना बोलवा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या; चहा पाजून काम काढून घेऊ नका.

व्यापाऱ्यांनाही सोडण्याचे कारण नाही. तराजूचा काटा तपासून घेणारा, हमाली आणि मापाई रुपया-रुपया मोजणारा माणूस साइट घेताना मात्र ‘चमकते ना? मग झाले’ म्हणतो. सगळ्यात कमी पैसे सांगणाऱ्या पोराला काम देतो आणि घाईही त्यालाच करतो. अशाने काम तसेच होणार. साइट ताब्यात घेण्याआधी व्यापाऱ्याने तीन माणसांना ऑर्डर द्यायला सांगावे : एक जुन्या अँड्रॉइडवाला, एक आयफोनवाला, एक टॉकबॅकवाला. तिघांची ऑर्डर आली तर शेवटचा हप्ता द्यावा. आणि डेव्हलपर मित्रांनो, हे त्याने सांगण्याची वाट न पाहता तुम्हीच कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून लिहा, त्याचे वेगळे पैसे लावा. अंबियाचा माल ऑक्टोबरमध्ये यार्डात उतरतो. ज्यांच्या साइट तुम्ही आधीच करून दिल्या आहेत, त्यांच्याकडे सप्टेंबरच्या आत एकदा जाऊन या.